तिसऱ्या पाळीची झोप

आमच्या चाळीत एक नियम होता. दुपारी बारा ते चार शेजारच्या खोलीसमोर गोट्या खेळायच्या नाहीत, पळापळ करायची नाही. "काका झोपलेत, तिसरी पाळी करून आलेत," एवढं काकूंनी म्हटलं की आम्ही पोरं जिना उतरून खाली जायचो. काका गिरणीत होते. रात्री जायचे, सकाळी परत यायचे. आल्यावर चहा, आंघोळ, जेवण आणि मग अंगावर चादर ओढून भर उन्हाची झोप.

पण ती झोप कधी लागलेली मी पाहिलीच नाही. पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, उठून पाणी प्यायचं, परत पडायचं. काकू म्हणायच्या, "ह्यांची झोप म्हणजे कावळ्याची झोप." पोट कायम बिघडलेलं, चिडचिड, पुढे साखर, मग बीपी. घरचे म्हणायचे, स्वभावच तापट. डॉक्टर म्हणायचे, टेन्शन घेऊ नका.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेले काही दिवस मी ब्रूस मॅकएवन या मेंदूशास्त्रज्ञाविषयी वाचतोय. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं एकाच प्रश्नावर काम केलं: ताणाचे हार्मोन मेंदूचं काय करतात? जानेवारी २०२० मध्ये ते गेले. आपल्याकडे फारशी बातमी झाली नाही. पण काकांच्या त्या दुपारच्या झोपेचं उत्तर या माणसाच्या कामात आहे, आणि सध्या कामाच्या तासांवरून जी चर्चा चालू आहे तिचंही.

गोष्ट थोडी मागून सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

लाजाळूचं रोप आणि अंधारी खोली

१७२९ साली द मेरां नावाच्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं. दिवसा पानं उघडायची आणि रात्री मिटायची हा त्या रोपाचा शिरस्ता. सगळ्यांना वाटायचं की ऊन आलं की पानं उघडतात, गेलं की मिटतात. पण अंधारातही पानं आपल्या वेळेवर उघडत राहिली. म्हणजे घड्याळ बाहेर नव्हतं, रोपाच्या आत होतं.

माणसाच्या आतही असं घड्याळ आहे हे लोकांना अंदाजाने माहीत होतं. ते नेमकं कुठे आहे, हे कळायला १९७२ साल उजाडलं. अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांच्या मेंदूतला एक ठिपक्याएवढा भाग निकामी करून पाहिला. हा भाग डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असतो. त्यात जेमतेम २० हजार पेशी. मेंदूतल्या अब्जावधी पेशींपुढे हे काहीच नाही. पण तो भाग गेला आणि उंदरांचं दिवस-रात्रीचं भानच गेलं. कधीही पाणी पितात, कधीही पळतात.

यातल्या एका गटाने, म्हणजे मूर आणि आयक्लर यांनी, जे मोजलं ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. त्यांनी उंदराच्या रक्तातला ताणाचा हार्मोन मोजला. एरवी हा हार्मोन रोज ठरावीक वेळी चढतो आणि ठरावीक वेळी उतरतो. तो ठिपका गेल्यावर ही भरती-ओहोटीच थांबली.

म्हणजे ताणाचा हार्मोन आणि झोपेचं घड्याळ ही दोन वेगळी खाती नाहीत. दोन्ही एकाच मालकाच्या हाताखाली आहेत.

ताणाचा हार्मोन हा व्हिलन नाही

'ताण' हा शब्द वैद्यकात रुजवला तो हान्स सेल्ये यांनी. व्हिएन्नात जन्मलेले, काम कॅनडात माँट्रियलला. १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं एक छोटंसं टिपण आलं. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा, इजा करा किंवा विषारी द्रव्य टोचा, त्रास कुठलाही असो, शरीरात बदल तेच होतात असं त्यांनी दाखवलं. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी सुजतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस आक्रसते आणि पोटात व्रण पडतात. (काकांचं पोट आठवलं की नाही?)

या ॲड्रिनल ग्रंथीतून जो हार्मोन येतो तो माणसात कॉर्टिसॉल आणि उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. हुकूम मात्र वरून येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस एक हार्मोन सोडतो, तो मेंदूच्याच तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला जागं करतो, पिट्युटरी दुसरा हार्मोन रक्तात सोडते आणि तो ॲड्रिनलपर्यंत पोचला की कॉर्टिसॉल बाहेर पडतं. साहेबाने हेडक्लार्कला सांगायचं आणि हेडक्लार्कने शिपायाला, तसा प्रकार.

आता आजकाल व्हॉट्सॲपवर कॉर्टिसॉलला शिव्या घालायची फॅशन आलीय. पण कॉर्टिसॉल नसेल तर तुम्ही सकाळी अंथरुणातून उठू शकणार नाही. पहाटेपासून ते वाढायला लागतं, उठण्याच्या सुमारास शिगेला पोचतं, साखर मोकळी करतं आणि शरीराला कामाला लावतं. मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. हा तळ महत्त्वाचा. या वेळेत शरीर डागडुजी करतं.

रात्री तीन वाजता साच्यावर उभा असलेला माणूस त्याच्या शरीराने ज्या वेळी दुकान बंद केलेलं असतं त्या वेळी माल मागत असतो. आणि सकाळी नऊ वाजता तो आडवा होतो तेव्हा शरीराने नुकतीच सगळी शटर वर केलेली असतात. कावळ्याची झोप लागणार नाही तर काय?

मॅकएवन यांनी नेमकं काय केलं

१९६० च्या दशकापर्यंत समज असा होता की मेंदू हुकूम देतो आणि हार्मोन शरीरावर काम करतात. उलटा रस्ता फार तर हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे 'पुरे झालं, आता थांबव' एवढा निरोप परत जाण्यापुरता. विचार करणारा, आठवण ठेवणारा मेंदू यापासून लांब आहे असं मानलं जायचं.

१९६८ मध्ये मॅकएवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं कॉर्टिकोस्टेरॉन उंदरांना टोचलं आणि ते मेंदूत कुठे जाऊन बसतं ते शोधलं. सगळ्यात जास्त सापडलं ते हिप्पोकॅम्पसमध्ये. हा स्मरणशक्तीचा भाग. काल काय घडलं, कुठल्या रस्त्याने आलो, हे सगळं जिथे नोंदलं जातं, तिथेच ताणाचा हार्मोन स्वतःची जागा राखून बसलेला होता.

आज हे वाचून तुम्हाला नवल वाटणार नाही. त्या वेळी होतं. ग्रंथीतून आलेलं रसायन थेट आठवणीच्या आणि भावनेच्या पेशींना जाऊन भिडतं, हे यातून पुढे आलं.

पुढची पायरी १९९० ची. मॅकएवन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना तीन आठवडे रोज हा हार्मोन टोचला आणि मग हिप्पोकॅम्पसच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मेंदूची पेशी म्हणजे फांद्या फुटलेलं झाड. या फांद्यांवर शेजारच्या पेशींचे निरोप येतात. तीन आठवड्यांत त्या फांद्या आखूड झालेल्या, विरळ झालेल्या दिसल्या. ताण म्हणजे नुसती मनाची अवस्था नव्हे, तो मेंदूच्या पेशींचा आकार बदलतो.

तीन वर्षांनी, १९९३ मध्ये, मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी एक शब्द दिला, 'ॲलोस्टॅटिक लोड'. याला मराठीत काय म्हणायचं? मी 'जुळवून घेण्याचं ओझं' म्हणतो. शरीर प्रत्येक अडचणीशी जुळवून घेतं. बीपी वाढवतं, साखर मोकळी करतं, सूज आणतं. हे सगळं त्या क्षणी आपल्या भल्यासाठीच असतं. पण रोज जुळवून घ्यावं लागलं, आणि मधे सावरायला वेळच मिळाला नाही, तर तेच बचावाचं यंत्र शरीराला झिजवायला लागतं. गाडीचा ब्रेक जीव वाचवतो, पण सतत दाबून ठेवला तर आधी ब्रेकच जळतो.

इथे मॅकएवन यांचा मोठेपणा दिसतो. ते प्रयोगशाळेत थांबले नाहीत. समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सार्वजनिक आरोग्यवाले यांच्याबरोबर बसले आणि विचारलं की हे ओझं समाजात कोणाच्या पाठीवर जास्त असतं? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ज्याच्या हातात स्वतःचा वेळ नाही, त्याच्या.

आणि घड्याळ बिघडवलं तर?

२०११ मध्ये मॅकएवन आणि कॅरॅटसोरिओस वगैरे सहकाऱ्यांचा एक निबंध आला. या लेखासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा. त्यांनी उंदरांना कसलाच त्रास दिला नाही. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हार्मोनही टोचला नाही. फक्त दिवस लहान केला. १० तास उजेड, १० तास अंधार, म्हणजे २४ ऐवजी २० तासांचा दिवस. आतलं घड्याळ २४ तासांचं आणि बाहेरचा दिवस २० तासांचा, अशी रोजची ओढाताण.

काही आठवड्यांत उंदीर जाड झाले. साखर आणि इन्सुलिनचं गणित बिघडलं. कपाळामागचा मेंदूचा जो भाग विचार बदलायला, सवय सोडून नवी वाट धरायला लागतो, तिथल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. शिकलेला नियम बदलला की नवा नियम पकडायला हे उंदीर अडखळू लागले.

वजन, साखर, आणि एकच एक धरून बसणं. आमच्या चाळीत याला 'तापट स्वभाव' म्हणत होते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि एका काकांच्या आजाराचं कारण एका प्रयोगातून सिद्ध होत नाही. पण माणसांवरचं संशोधनही त्याच दिशेने बोट दाखवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळीबद्दल तेच मत कायम ठेवलं. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षं रात्रपाळी करून स्तनाचा कर्करोग झालेल्या काही महिलांना कामातून झालेला आजार म्हणून भरपाईसुद्धा मिळाली.

२०१७ चं वैद्यकाचं नोबेल याच आतल्या घड्याळाची जनुकं उलगडणाऱ्या तिघांना मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग. यातले यंग हे मॅकएवन यांच्याच रॉकफेलर विद्यापीठातले.

आता गिरणगावात या

हे सगळं वाचताना मला राहून राहून आपलाच इतिहास आठवत होता.

मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला सूर्यावर चालायच्या. उजाडलं की काम सुरू, मावळलं की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही जास्त, आणि हिवाळ्यात कमी. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार वेळेवर. रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० चा जून उजाडला.

मागण्या परत वाचा. लोखंडे यांनी 'इतकेच तास काम' एवढंच मागितलं नाही. काम कधी थांबायचं, मधे कधी टेकायचं आणि आठवड्यात सावरायला एक दिवस कुठला, हे मागितलं. कॉर्टिसॉल हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता. पण साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला आपलं शरीर कधी थकतं हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

मग आली वीज. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्याची मर्यादा संपली. कापडाला मागणी होती, गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. कामगारांनी निदर्शनं केली, दगड उचलले. चौकश्या झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराच्या दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. बारा तास हा तेव्हाचा 'दिलासा' होता, हे ध्यानात ठेवा.

त्याच काळातली आणखी एक गंमत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ त्याहून ३९ मिनिटं मागे होती. घड्याळ पुढे केलं म्हणजे सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी कामावर हजर व्हायचं. गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद केलं. मुंबई महापालिकेची घड्याळं तर १९५५ पर्यंत जुन्या मुंबई वेळेवरच चालत होती. आज आपल्याला हा हट्ट वाटतो. पण हिवाळ्याच्या अंधारात उठून भोंग्याला पोचणाऱ्या बाईसाठी ती ३९ मिनिटं झोपेची होती.

पुढे दुसरी पाळी आली, मग तिसरी. गाळ्यात एक जण उठून गेला की त्याच अंथरुणावर दुसरा येऊन पडायचा. साचा थंड पडायचा नाही आणि अंथरूणही.

कामाचे तास मात्र लढून लढून खाली येत गेले. १९२२ मध्ये दिवसाला ११, १९३४ मध्ये १०, आणि डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना आणलेल्या विधेयकाने १९४६ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने तेच पुढे चालवलं.

आणि आज

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती लागेल असंही सांगितलं गेलं. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल, जादा कामाचे पैसे मिळतील, ही सरकारची बाजू. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पैसे हवे असणारे कामगारही आहेत.

माझा मुद्दा वेगळा आहे. १९११ ते २०२५ आपण फक्त एकच गोष्ट मोजत आलो, ती म्हणजे तासांचा आकडा. बारा, अकरा, दहा, नऊ, परत बारा. सकाळी सात ते संध्याकाळी सात आणि रात्री सात ते सकाळी सात हे कागदावर सारखेच बारा तास आहेत. शरीरासाठी ते दोन वेगळे जन्म आहेत.

लेखी संमतीचंही तसंच. माणूस सही देईल, पण त्याच्या मेंदूतल्या २० हजार पेशी कुठल्याही कागदावर सही करत नाहीत.

रात्रपाळी बंद करा असं कोणी म्हणणार नाही. नर्सताई रात्री नकोत का? रेल्वेचा सिग्नलवाला, पोलीस, वीजवाला रात्री नको का? हिंजवडीतला आपलाच भाचा रात्रभर अमेरिकेच्या वेळेवर जागतो, त्यावर घरचा हप्ता चालतो. काम राहणार. प्रश्न ते कुठल्या अटींवर, हा आहे.

युरोपात नियम आहे की दोन पाळ्यांच्या मधे सलग ११ तास विश्रांती हवी. रात्रपाळीचं काम सरासरी ८ तासांच्या आत. रात्रपाळीवाल्याची आरोग्य तपासणी मोफत. आपण बारा तासांची चर्चा करतो तेव्हा या तीन गोष्टी कुठे आहेत? बारा तास काम आणि येण्याजाण्याचे तीन तास धरले, तर बदलापूर-विरारहून येणाऱ्या माणसाला झोपायला, जेवायला, पोरांचं तोंड पाहायला उरतात नऊ तास. त्यात सावरणार कधी?

एक चांगली बातमी सांगून थांबतो

मॅकएवन निराशावादी नव्हते. पेशींच्या आखडलेल्या फांद्या परत वाढू शकतात यावर त्यांचा भर असायचा. २००९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर न्यूयॉर्कमधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. मोठ्या परीक्षेच्या तयारीत पिचलेली ही मुलं एका कामावरून दुसऱ्या कामाकडे लक्ष वळवताना अडखळत होती, आणि मेंदूच्या चित्रणातही फरक दिसत होता. परीक्षा संपून महिनाभर ताण हलका झाल्यावर त्यांनाच परत तपासलं. फरक गेला होता.

म्हणजे मेंदू सावरतो. त्याला फक्त सावरायचा वेळ लागतो. त्या विद्यार्थ्यांना तो एक महिना मिळाला.

काकांना मिळाला १९८२ च्या संपात. घरी बसले, पैसे नव्हते, काळजी होती, मग कसलं सावरणं. पण काकू एकदा सांगत होत्या, संपाच्या पहिल्या आठवड्यात काका रात्री दहाला झोपले ते सकाळी सातला उठले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. "मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिला," म्हणाल्या.

तुमच्या घरात कोणी तिसरी पाळी केली असेल, आज करत असेल, तर त्यांना एकदा विचारा, शेवटचं नीट कधी झोपलात? आणि जमलं तर उत्तर इथे लिहा. बारा तासांच्या चर्चेत तेही नोंदलं गेलं पाहिजे.